गुरुवार, चार वाजता

५ जानेवारी

प्रिय आत्या,

सुखरूप पोचले. रात्रभर शेजारचा प्रवासी माझ्या खांद्यावर डोकं ठेवून झोपला होता. त्याच्या बुटांच्या टाचा बाहेरच्या बाजूनं इतक्या झिजलेल्या होत्या की त्याला उठवून तुझा पत्ता द्यावा असं दोनदा मनात आलं.

तर, फोनवर आपलं पान सुरू झालं. नाव साधंच ठेवलंय, 'आत्याचे बूट'. खाली लिहिलंय, 'दोन पाय सारखे नसलेल्यांसाठी. मापानं, हातानं.' तीन दिवसांत बासष्ट माणसं जोडली गेली. तू म्हणशील, बासष्ट माणसं माझ्या दुकानात उभी तरी राहतील का. इथं सगळी मावतात, काळजी करू नकोस.

आता तुझं काम ऐक. आठवड्यातून दोन-तीन फोटो मला पाठवायचे. बुटांचे नकोत, माणसांचे हवेत. लोकांना बूट बघायचा नसतो, तो घातल्यावर माणसाचा चेहरा कसा होतो ते बघायचं असतं. मी दिवसभर ऑफिसात बसून साबणवाल्यांना आणि बिस्किटवाल्यांना हेच शिकवते. तुझ्यासाठी केलं तर निदान एकदा खऱ्या वस्तूसाठी केल्यासारखं वाटेल.

एकच अट आहे. फोटो काढण्याआधी त्या माणसाला विचारायचं. हे विसरू नकोस.

दादा म्हणतात, तुझ्या आत्याच्या दुकानाला जाहिरात लागत नाही, तिच्याकडे येणारा लंगडतच येतो. मी म्हटलं, ज्यांना तुमची बहीण माहीतच नाही ते लंगडतच राहतात त्याचं काय?

तुझी
टिटवी

*

१६ जानेवारी

प्रिय टिटवे,

अनेक आशीर्वाद.

'पत्र कशाला, फोनवर लिही' असं निघताना चारदा बजावून गेलीस, पण ते होणे नाही. चाळीस वर्षं सरस आणि मेण लागून माझ्या बोटांची कातडी अशी झालीय की ती काच मला माणूस समजतच नाही. बोट दुमडून सांध्यानं ठोकलं की फोटो निघतो, आणखी तीनदा ठोकलं की तुला पोचतो. माझी मजल तेवढीच, तुझा आलेला निरोपही मला उघडता येत नाही. बोलायचं म्हणशील तर घासायच्या मशीननं कान केव्हाच खाऊन टाकले. तेव्हा पत्रच. चार-पाच दिवसांनी का होईना, पोचतं.

फोटो पाठवलेत. ट्रकवाल्यानं तीनदा काढायला लावला, तिसऱ्यात पोट आत घेतलंय. नर्सबाई म्हणाल्या, 'चेहरा नको, टाचेचाच काढा, सगळं दुखणं तिथंच आहे.' म्हणजे म्हणाल्या नाहीत, गल्ल्याजवळच्या पाटीवर लिहिलं. माझ्याकडे येणारा जो तो पाटीवरच लिहितो, तुला माहीतच आहे.

आता खरी गोष्ट. एक बाई आहे, तिला मी गुरुवारवाली म्हणते. कपड्यांच्या कारखान्यात शिवणावर आहे, गुरुवारी तिची सुट्टी, त्यामुळे चार वाजता म्हणजे चार वाजता हजर. नाव विचारलं तर नुसती हसते. मीही फार विचारत नाही. माझा संबंध पायाशी. तिची सात वर्षांची मुलगी आहे, डावा पाय दीड इंच आखूड. पहिल्याच दिवशी त्या मुलीनं पाटीवर लिहिलं, 'ह्या बाई फार हळू काम करतात.' तेव्हापासून मी तिला मॅडम म्हणते.

काल मॅडमचे बूट झाले. डाव्याच्या तळाला बुचाचे थर लावून उंची दिली, नुसतं चामडं लावलं असतं तर पोरीच्या पायात वीट बांधल्यासारखं झालं असतं. घातले नि गल्ल्यापासून दारापर्यंत चालली. वळली. तिथल्या आरशात तिनं पाय पाहिलेच नाहीत गं, खांदे पाहिले. आधी एक, मग दुसरा. दोन्ही एका रेषेत. मग असं हसली की मी फोन उचलला आणि ठोकला. चाळीस सेकंदांचा व्हिडिओ निघाला म्हणे.

तुझी अट पाळली. आईला फोन दाखवून विचारलं, 'माझ्या भाचीला पाठवू का, लोकांना दाखवायला?' मशीन चालू होतं आणि पाटी मॅडमनं चित्रांनी भरून टाकलेली, त्यामुळे ती माझ्या कानाशी वाकून बराच वेळ बोलली. मी हो हो म्हटलं. तिनं माझा हात दोन्ही हातांत धरला. फार भली बाई.

व्हिडिओ सोबत पाठवतेय. म्हणजे सोबत नाही, फोनवर. तुला कळलं.

तुझी
आत्या

*

२ फेब्रुवारी, सोमवार

आत्या, आत्या, आत्या!

तू बसली आहेस ना? चार लाख. चार लाख माणसांनी आपल्या मॅडमला चालताना पाहिलंय! मी वर फक्त एवढंच लिहिलं, 'आमच्या छोट्या मॅडमची पहिली सरळ चाल.' सकाळी उठले तर फोन बंद पडलेला, इतका वाजला होता. आमचे साहेब, जे मला पाच वर्षांत नावानं ओळखत नव्हते, ते खुर्ची ओढून माझ्या टेबलाशी बसले आणि विचारू लागले, हे तू कसं केलंस?

मी काय केलं? मुलीनं खांदे पाहिले, बस. लोक लिहितायत की ते ऑफिसात, बसमध्ये, रांगेत उभे राहून रडले. एका आजोबांनी लिहिलंय, मी एकसष्ट वर्षं तिरका चाललो, मला वाटलं पाय असाच असतो. एकोणीस आईबापांनी विचारलंय की तुझ्याकडे कधी येऊ. त्यांची यादी वेगळ्या कागदावर लिहून सोबत ठेवलीय, वार वाटून दे त्यांना.

आणि आणखी एक गंमत आहे. ती सांगणार नाही. एवढंच सांगते, या गुरुवारी जरा नीटनेटकी बस. सरसाचा तो कळकट एप्रन नको. आणि फोन पूर्ण चार्ज करून गल्ल्यावर ठेव. चार वाजता काहीतरी होणार आहे. ते झालं की लगेच ठोक, अजिबात चुकवू नकोस. मी आत्ताच डोळे पुसतेय, तुझं काय होईल कोण जाणे.

पत्र वेळेवर पोचू दे म्हणजे झालं. नाही पोचलं तरी बिघडत नाही, तू पण चकित होशील.

तुझी (आता ऑफिसात प्रसिद्ध)
टिटवी

*

५ फेब्रुवारी, गुरुवार संध्याकाळ

टिटवे,

अक्षर लागलं नाही तर दोनदा वाच.

व्हिडिओ काढून टाक. चहावाल्याला त्याच्या फोनवरून तुला तेवढा निरोप द्यायला सांगितलाय. बाकीचं त्याला सांगण्यासारखं नाही.

आज पावणेचारला एक माणूस आला. इस्त्रीचा शर्ट, नीट भांग, हातात खाऊचा पुडा आणि एक मोठी बाहुली. मी कानाकडे बोट दाखवलं नि पाटी पुढे केली. त्यानं लिहिलं, 'मी छोटीचा मामा. तीन वर्षांनी भेटतोय. बहिणीला सांगू नका, तिला चकित करायचंय.' अक्षर इतकं देखणं की मी दोनदा वाचलं. मीच त्याला आत नेलं, पडद्यामागे, माणसं मोजे काढायला बसतात तिथं. मीच पाणी दिलं. तोंडावर बोट ठेवून, आता गप्प बसा हं, अशी खूणही मीच केली.

चारला दोघी आल्या. मॅडम धावत बाकावर. उजवा बूट स्वतःच काढला, डाव्याची नाडी सोडायला मी वाकणार तोच पडदा हलला आणि तो बाहेर आला. बाहुली पुढे धरलेली. तोंडभर हसू.

मी टाळ्या वाजवल्या. टिटवे, मी उभी राहून टाळ्या वाजवल्या.

तिची आई दारातच थिजली होती. तोंड उघडं. मला वाटलं, आनंदानं वाचा बसली. म्हणून मी पोरीकडे वळले, तिचा चेहरा बघावा म्हणून. बाकावर पोरगी नव्हती. गल्ल्याखाली चामड्याच्या गुंडाळ्या असतात ना, त्यांच्या मागे शिरली होती. एक कातडं अंगावर ओढून घेतलेलं, मोजा घातलेलं एक पाऊल तेवढं बाहेर. मी बघत असतानाच तेही आत गेलं. तोंड घट्ट मिटलेलं. घाबरलेली मुलं वेडीवाकडी धावतात, रडतात. ही तशी लपली नाही. कुणीतरी शिकवलेलं असावं, पन्नास वेळा करून घेतलेलं असावं, तशी लपली.

मामाला बघून सात वर्षांचं पोर असं लपत नाही.

पुढचं कसं केलं ते मला नीट आठवत नाही. पोरीला कातड्यासकट उचललं, आईच्या अंगावर टाकलं, दोघींना मागच्या खोलीत ढकललं आणि बाहेरून कडी घातली. मग दाराला पाठ लावून उभी राहिले. हातात चामडं कापायची रापी होती, ती केव्हा उचलली कळलं नाही. तो बोलत होता. हात जोडत होता, छातीवर हात ठेवत होता, डोळे पुसत होता. एक शब्द माझ्यापर्यंत पोचला नाही. बहिरी असल्याचं आयुष्यात पहिल्यांदा बरं वाटलं. ऐकू आलं असतं तर कदाचित मी पुन्हा फसले असते, इतका तो चेहरा गरीब होता.

समोरून चहावाला आणि सायकलवाला रस्ता ओलांडून आले तेव्हा तो थांबला. शर्ट सारखा केला. पाटी घेतली, सावकाश लिहिलं, माझ्यासमोर ठेवली आणि गेला. पुन्हा तेच देखणं अक्षर. 'पाय वाढणार. बूट लागणारच.'

मी मागची कडी काढली तर खोली रिकामी. मागच्या गल्लीचं दार उघडं. पोरीचा उजवा बूट बाकाखाली पडलाय. ती एका बुटानं गेली.

मला एक कळत नाही. फलक दिसला असेल व्हिडिओत, त्यावरून दुकान सापडलं म्हणू. पण गुरुवार? चार वाजता? हे त्याला कुणी सांगितलं? चहावाल्याला विचारलं, तो बिचारा मुलांची शपथ घेतो. मग माझ्याच तोंडून कुठे निसटलं की काय?

आत्या

ता. क. शुक्रवार सकाळ. पाकीट बंद करायच्या आत तुझं पत्र आलं. 'चार वाजता काहीतरी होणार आहे.'

टिटवे, तुला काय माहीत होतं?

*

१० फेब्रुवारी

आत्या,

मीच सांगितलं.

तुझं पत्र उभ्यानं वाचायला घेतलं आणि टाळ्यांपाशी पोचले तेव्हा फोनवर त्याचा निरोप पुन्हा उघडला.

२९ जानेवारीला त्याचा निरोप आला होता. शब्द न् शब्द लिहिते, तू वाच आणि मला काय म्हणायचं ते म्हण. 'ताई, ही माझी भाची आहे. तीन वर्षं झाली बहिणीशी ताटातूट होऊन. चूक आमचीच होती. आई अंथरुणाला खिळलीय, नातीला एकदा बघायचं म्हणते. त्या दुकानात कधी भेटतील एवढं सांगाल का? तुमचे उपकार विसरणार नाही.' खाली एका म्हाताऱ्या बाईचा फोटो, उशीला टेकलेली.

मी एकदाही विचार केला नाही. भावाला बहिणीचा पत्ता का नसावा, बहिणीनं तीन वर्षं का कळवू नये, एक क्षणही मनात आलं नाही. मी लिहिलं, 'दर गुरुवारी, चार वाजता येतात. नक्की या!' पुढे हसरा चेहरा. दोन बदाम. आत्या, मी दोन बदाम टाकले.

आणि खरं सांगायचं तर हे एवढंच नाही. मला त्या भेटीचाही व्हिडिओ हवा होता. फोन चार्ज करून ठेव म्हटलं ते त्यासाठी. पहिल्याला चार लाख, याला दहा लाख होतील असं मी साहेबांना बोलूनही बसले होते.

चहावाल्याचा निरोप आला तेव्हाच व्हिडिओ आपल्या पानावरून काढला. पण तो इतरांनी उचलून आपापल्या पानांवर टाकलाय. काल मी मोजले, एकतीस ठिकाणी सापडला. सगळ्यांना हात जोडून लिहिलं. नऊ जणांनी काढला. एकानं विचारलं, एवढ्या सुंदर गोष्टीवर तुमचा हक्क कसा?

त्या कुठे आहेत? जिवंत आहेत ना दोघी? एवढं तरी कळव.

टिटवी

*

२८ फेब्रुवारी

आत्या,

अठरा दिवस झाले. रोज दारावरच्या पेटीत हात घालून बघते. दादा म्हणाले, पत्र हरवलं असेल. मला माहीत आहे, हरवलेलं नाही. तू लिहीत नाहीस.

तरी हे सांगायलाच हवं. त्यानं स्वतःचा व्हिडिओ टाकलाय. घरात बसलाय, मागे भिंतीवर मॅडमचा लहानपणीचा फोटो, मांडीवर ती बाहुली. रडतोय. आता मामा नाही, बाप म्हणून. म्हणतो, 'या दुकानदारीण बाईनं माझ्या मुलीला माझ्यापासून लपवलं, सुरी दाखवून मला हाकललं, आणि माझ्याच मुलीचा व्हिडिओ दाखवून धंदा करते.' खाली तुझ्या दुकानाचा पत्ता.

जे लोक रडले होते ना, तेच आता आपल्या पानावर येऊन लिहितायत. तेच, आत्या. नावं मला पाठ आहेत. एकसष्ट वर्षं तिरके चाललेले ते आजोबा पण. 'पोरं पळवणारी बाई.' 'हिचं दुकान जाळा.' बापाचे अश्रू खोटे नसतात म्हणे. मी आठ तास ते वाचत बसले. एकोणीस गिऱ्हाइकांपैकी सोळा जणांनी कळवलंय की येणार नाही.

मला उत्तर देऊ दे. त्यानं मामा म्हणून पाठवलेला निरोप माझ्याकडे जसाच्या तसा आहे. पाटीवर काय लिहिलं तेही सांगू. ती पोर कशी लपली ते सांगू. एका तासात सगळं उलटवते. फक्त हो म्हण. चहावाल्याकडून एका अक्षराचा निरोप दे.

टिटवी

*

६ मार्च

टिटवे,

नाही.

एकच अक्षर मागितलं होतंस, पण मला त्याहून जास्त लिहायचंय. इतके दिवस लिहिलं नाही त्याला तुझ्यावरचा राग हे अर्धंच कारण होतं. उरलेलं अर्धं मी तुला सांगितलंच नव्हतं.

त्या दिवशी मागची खोली रिकामी होती हे खरं, पण तिथं आणखी एक गोष्ट होती. जुन्या मापांच्या कागदाच्या मागे त्या माउलीनं घाईघाईत चार ओळी लिहून ठेवल्या होत्या. 'तो तिचा बाप आहे. पाय जन्मापासून असा नाही, त्यानं जिन्यावरून ढकललं. मी तुम्हाला सांगितलं होतं, फोटो कुणाला दाखवू नका, तो शोधतोय. तुम्ही हो म्हणालात.'

कळलं? त्या गुरुवारी कानाशी वाकून ती जे बराच वेळ बोलली, ते हे होतं. मशीन बंद करायला मला एक बटण दाबायचं होतं. पाटी पुसायला एक फडकं लागलं असतं. मी काहीच केलं नाही. चाळीस वर्षं न ऐकलेल्या प्रत्येक गोष्टीला मी हो हो म्हणत आलेय, कारण 'पुन्हा सांगा' म्हणायची लाज वाटते. तिनं माझा हात धरला तो आभार मानायला. तिला वाटलं मी शब्द दिला.

मला कायम वाटायचं, पाय बघून मला माणूस कळतो. तो पाय मी सहा वेळा हातात घेतला होता. गुडघ्याजवळ हाडाला गाठ होती, जुनी मोडलेली, वाकडी जुळलेली. बोटांना ती लागली होती. मी बुचाचे थर मोजत बसले.

तर तू वार सांगितलास आणि मी तोंड दाखवलं. आपण दोघींनी मिळून केलं. मी तुला एकटीला दोष देणार नाही, पण तुला माफही करत नाही अजून. स्वतःलाही नाही.

आता उत्तराचं. तू खरं सांगायला गेलीस तर कुणाचं खरं सांगशील? तिचंच ना? पोरीला बापानं जिन्यावरून ढकललं हे चार लाखांना सांगणार? उद्या ती शाळेत जाईल तिथं तिच्या आधी ते पोचलेलं असेल. एकदा तिला न विचारता दाखवली, आता न विचारता वाचवायची? लोकांना म्हणू दे पोरं पळवणारी. माझ्या दारावर कुणीतरी काळं फासलं होतं. सायकलवाल्यानं रॉकेल लावून पुसलं. तू गप्प बस. हे माझं सांगणं नाही, तिचं आहे. विचारून लिहितेय.

म्हणजे हो, त्या आहेत. नर्सबाईंनी शोधल्या. मागच्या गल्लीतून पळताना त्या सरळ दवाखान्यात शिरल्या होत्या, पोरीचा मोजा फाटून पाय कापला होता म्हणून. आता दुसऱ्या गावी आहेत. एक वकीलबाई आहेत, त्यांनी कोर्टातून त्याला जवळ फिरकायची मनाई आणलीय. गाव कुठलं, ते तुला लिहिणार नाही. राग म्हणून नाही. पण लिहिणार नाही.

आणि हे एक तुला सांगावंसं वाटतं. त्यानं पाटीवर लिहिलेलं चहावाल्यानं वाचलं होतं. मी कुणाला काही बोलले नव्हते. पुढच्या गुरुवारी, बारा तारखेला, साडेतीनला ट्रकवाला आला. पाटीवर लिहिलं, टाच बघा. टाच चांगली होती. मग नर्सबाई आल्या. मग माझे जुने जुने लोक, काहींना मी दहा वर्षांत पाहिलं नव्हतं, एकजण काठीवर, एकजण मुलाच्या खांद्यावर. प्रत्येकाच्या हातात एक बूट. बाक भरला, जमीन भरली, शेवटी दाराच्या पायरीवर बसले. एका पायात बूट, एक पाय उघडा, अशी तेवीस माणसं.

चारला तो आला. दारात उभा राहिला. आत बघितलं. तेवीस जणांनी त्याच्याकडे बघितलं. कुणी उठलंसुद्धा नाही. मी टाच ठोकत राहिले, पण हातोडी दोनदा माझ्याच बोटावर बसली. तो वळला नि गेला.

पुढच्या तिन्ही गुरुवारी ती माणसं आली. तो आला नाही. कालही आली होती. नको त्या टाचा दुरुस्त करून माझा खिळ्यांचा डबा रिकामा झालाय.

आत्या

ता. क. नर्सबाई मला ओढून कानवाल्याकडे घेऊन गेल्या. कानात मशीन बसवलंय. भांडं पडलं तरी दचकते. जग इतकं कर्कश आहे हे मी विसरूनच गेले होते.

*

१७ मार्च

आत्या,

गप्प बसले. सगळ्यात अवघड काम दिलंस.

साहेबांना सांगितलं की पान बंद नाही करणार, पण चालवणार माझ्या पद्धतीनं. चेहरे नाहीत, वार नाही, वेळ नाही. फक्त बूट, आणि तो कुणासाठी केला ते न सांगता कसा केला ते. ते म्हणाले, असं कुणी बघत नाही. काल एकशे चार जणांनी पाहिलं. त्यात त्या आजोबांचं नाव होतं. काही लिहिलं नाही त्यांनी, नुसतं पाहिलं. मीही काही लिहिलं नाही.

निरोप विचारणारा प्रत्येक जण मला आता तोच वाटतो. काल एका आईनं विचारलं, दुकान किती वाजता उघडतं? मी पाऊण तास त्या ओळीकडे बघत बसले.

तेवीस माणसांचं मी कुणालाही सांगितलेलं नाही. दादांनाही नाही.

माफ कर असं लिहिणार नाही. तू कधी कळवशील तेव्हा कळव.

टिटवी

*

२१ ऑगस्ट

टिटवे,

परवा तिकडे जाऊन आले. दोन बसगाड्या बदलून, पिशवीत मापाची पट्टी आणि बूट चढवायचे लाकडी फर्मे घेऊन. पाय वाढतो हे त्यानं बरोबर लिहिलं होतं. म्हणून आता बूट तिच्याकडे जातील, ती बुटांकडे येणार नाही. नर्सबाई तर म्हणतात, अशी आणखीही घरं आहेत, तिथेही चला. बघू. गुडघे साथ देतील तोवर.

एक खोली आहे, स्वच्छ. खिडकीशी शिवणाचं यंत्र. आईनं दार उघडलं आणि मी आधी कानातलं मशीन दाखवलं. मग मी म्हटलं, 'त्या दिवशी काय सांगितलं होतंत, ते पुन्हा सांगा. आता ऐकते.' तिनं सांगितलं. सगळं, पहिल्यापासून. दीड तास लागला. तिचा आवाज किती बारीक आहे गं. मशीनशिवाय मला तो कधीच ऐकू आला नसता.

रागावली नाही. रागावली असती तर बरं झालं असतं. शेवटी एवढंच म्हणाली, 'मलाही लिहून दाखवायला हवं होतं.' मी म्हटलं, 'नाही बाई, तुमची एक रेघसुद्धा चुकलेली नाही.'

मॅडम कोपऱ्यात अभ्यासाचं नाटक करत सगळं ऐकत होती. मापाला बसली तेव्हा मला विचारलं, 'टिटवी म्हणजे कोण? जिनं माझा व्हिडिओ सगळ्यांना दाखवला ती?' मी हो म्हटलं. खोटं काय बोलणार? तर म्हणाली, 'सगळ्यांनी बघितला. मला कुणी दाखवलाच नाही.'

खरंच गं. चार लाखांत तीच नव्हती.

मी आईकडे बघितलं. आईनं यंत्राच्या चाकावर हात ठेवला, मग मान हलवली. या वेळी मी मान बघून थांबले नाही, तोंडानं विचारलं, 'हो ना?' ती म्हणाली, 'हो.'

माझ्या फोनात तो अजून होता. तिनं सात वेळा बघितला, फोन नाकाला लावून. आरशापाशी खांदे बघते ना, तिथं दर वेळी थांबायची. मग मान वर करून मला म्हणते, 'थोडी डावीकडे कलतेय. तुमचं माप चुकलं होतं.' पुन्हा बघितलं मी. पाव इंच कमीच पडलंय, तिचंच खरं. मग तिनं विचारलं, 'मी पुसू?' आणि आईला न विचारता, मला न विचारता पुसून टाकला. तिचाच होता.

बाहेर अजून कुठे कुठे असेल, तू म्हणतेस तसं. ते मी तिला सांगितलं नाही. आईला माहीत आहे. त्या अजूनही लपायचा सराव करतात, रविवारी सकाळी. मी होते तेव्हाही केला, पलंगाखाली, अकरा सेकंद.

नवे बूट लाल हवेत म्हणाली. काळे नकोत, तपकिरी नकोत, लाल. माझ्याकडे लाल चामडं नाही, आणि इथं मिळतं ते रंग सोडणारं. तुमच्या मोठ्या बाजारात चांगलं मिळत असेल. मऊ बघ, दोन बोटांत धरून दुमडलं की पांढरी रेघ उमटता कामा नये. दोन फूट पुरे.

पाकिटावर पत्ता माझ्या दुकानाचा घाल. तिथून पुढे मी नेईन.

तुझी
आत्या